नकाशावरचे ठिपके: सोल अलिन्स्की आणि शिकागोतली एक वस्ती

गेल्या व्याख्यानानंतर एक विद्यार्थिनी थांबली होती. म्हणाली, "सर, समाजशास्त्रात बी.ए. झाले. आता वस्तीत काम करायचंय. पण तिथं नळाला पाणी नाही, रेशनकार्डाची भांडणं आहेत. तिथं माझ्या पदवीचं काय करू?" प्रश्न रास्त आहे. आज एका माणसाच्या गोष्टीतून त्याचं निम्मं उत्तर देतो.

शिकागो विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १८९२चा. १९२०च्या दशकात तिथं रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस शिकवत. पार्क मूळचे वार्ताहर. ग्रंथालयात काय बसता, शहरात फिरा, बघा, टिपून आणा, असा त्यांचा खाक्या. सोल अलिन्स्की त्यांच्याकडे शिकला, १९३०मध्ये पदवीधर झाला. मंदी नुकतीच सुरू झालेली. पुढं गुन्हेगारीच्या अभ्यासासाठी आपण अल कपोनच्या टोळीत उठबस केली, असं तो सांगे. त्यात तिखटमीठ किती, ते सोडून देऊ.

खरं महत्त्व आहे ते क्लिफर्ड शॉ यांच्या संशोधनाला. अलिन्स्की त्यांच्या हाताखाली नोकरीला लागला. शॉ आणि त्यांचे सहकारी हेन्री मॅके यांनी बालन्यायालयात आलेल्या मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर ठिपक्यांनी मांडले. ठिपके कारखान्यांच्या आणि शहराच्या मध्यभागाच्या आसपास दाटलेले. त्या वस्त्यांत आधी जर्मन, आयरिश होते, मग पोलिश, इटालियन आले. माणसं बदलली, ठिपके तिथंच राहिले! आणि तीच कुटुंबं बऱ्या भागात राहायला गेली, की त्यांच्या मुलांमधलं प्रमाण उतरे.

याचा अर्थ काय? तोवर सज्जन मंडळी म्हणत, ही जातच तशी, यांचं रक्तच वाईट. नकाशानं ते खोटं ठरवलं. मग कार्यकर्त्याचा प्रश्नही बदलतो. 'या पोराला कसं सुधारू?' याऐवजी 'या वस्तीत कोण कुणाशी बोलत नाही, आणि का?' असा होतो. पदवीनं दिलं ते एवढंच, पण ते थोडं नाही.

(जाता जाता: शिकागोचा एक धागा आपल्याकडेही आलाय. तिथंच शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५मध्ये मुंबईत आले, नागपाड्यात त्यांनी वस्तीकेंद्र काढलं. १९३६मध्ये टाटा ट्रस्टनं समाजकार्याचं विद्यालय सुरू केलं, त्याचे ते पहिले संचालक. आजची टिस ती हीच.)

१९३८च्या सुमारास शॉ यांनी अलिन्स्कीला 'बॅक ऑफ द यार्ड्स'मध्ये पाठवलं. कत्तलखान्यांच्या पाठीमागची वस्ती, अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल'मधली. काम बालगुन्हेगारी कमी करण्याचं. त्यानं पाहिलं, की इथं पोलिश लोकांचं चर्च वेगळं, लिथुआनियन लोकांचं वेगळं, आणि पाद्रीसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. पण सगळे कॅथलिक, आणि बहुतेकांची पोटं त्याच कत्तलखान्यांवर. १९३९मध्ये त्यानं वस्तीतल्याच जोसेफ मीगन यांच्यासोबत चर्च, कामगार संघटना, दुकानदार, क्लब यांची एक परिषद बांधली. बिशप शील कामगारांच्या व्यासपीठावर आले, तेव्हा मालकांना नमतं घ्यावं लागलं. शाळेत मुलांना गरम जेवण मिळू लागलं.

शॉ यांच्याशी मात्र त्याचं बिनसलं. संशोधन संस्थेला मालकांशी भांडण परवडणारं नव्हतं. वस्तीतल्या बायाबापड्यांना त्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. १९४०मध्ये त्यानं स्वतःची संस्था काढली, आणि पुढं आयुष्यभर विद्यापीठीय समाजशास्त्राची टिंगल केली. मला ती टिंगल थोडी कृतघ्नपणाची वाटते. नकाशा पाहिला नसता, तर तो त्या वस्तीत कोणत्या नजरेनं गेला असता?

आता अवघड भाग. पोलिश आणि लिथुआनियन लोकांना एकत्र आणणारी तीच परिषद पुढं कृष्णवर्णीयांना वस्तीबाहेर ठेवण्यासाठी वापरली गेली. लोक संघटित झाले, पण कशासाठी, हे ठरवणं त्याच्या हातात उरलं नव्हतं. त्याला ते झोंबलं. १९६०च्या सुमारास तो वुडलॉनमध्ये उतरला. ही कृष्णवर्णीयांची वस्ती, शिकागो विद्यापीठाला लागून. विद्यापीठाला आवाराच्या विस्तारासाठी तिथली जमीन हवी होती. आर्थर ब्रेझियर या पाद्र्याच्या नेतृत्वाखाली वस्ती उभी राहिली, आणि अलिन्स्कीचे कार्यकर्ते, ज्या विद्यापीठानं त्याला शिकवलं त्याच्याच विरोधात, दारोदार सभा भरवू लागले.