तलवार, बाप्तिस्मा आणि राज्यसत्ता : प्रस्तावना

अहिंसा मराठी वाचकाला परकी नाही. सेवाग्राम आपल्याच मुलखात आहे. पण गांधीजींनी १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉयचे 'देवाचे राज्य तुमच्या अंतरात आहे' हे पुस्तक वाचले आणि त्यांच्यावर त्याचा खोल ठसा उमटला. त्याच पुस्तकात टॉलस्टॉयने पंधराव्या शतकातील बोहेमियाच्या पेत्र खेलचित्स्कीचे ऋण आदराने नोंदवले आहे. पुढे १९४९ च्या डिसेंबरात जागतिक शांततावाद्यांची परिषद शांतिनिकेतनात आणि सेवाग्रामात भरली. म्हणजे ख्रिस्ती शांततावाद वाचताना आपण एका ओळखीच्या विचाराच्या दुसऱ्या घराण्याकडे वळतो आहोत.

या घराण्याची सर्वांत ठसठशीत शाखा स्वित्झर्लंडमध्ये उगवली. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये फेलिक्स मांझच्या आईच्या घरी काही तरुण जमले आणि कोनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला नव्याने बाप्तिस्मा दिला. आज हा एखाद्या पंथातला विधीचा वाद वाटेल. त्या काळी मात्र तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा म्हणजे चर्चमधला प्रवेश आणि त्याबरोबरच नगराच्या समाजातलाही. श्रद्धा ही जाणत्या माणसाने स्वतः स्वीकारायची गोष्ट आहे असे म्हणताच चर्च आणि राज्य यांची जन्मापासूनची गाठ सुटत होती. नगरसभेने हे बरोबर ओळखले. जानेवारी १५२७ मध्ये मांझला लिमात नदीत बुडवून मारण्यात आले.

माझ्या मते या विषयाची किल्ली इथेच आहे. शस्त्र हाती न घेण्याचा निश्चय हा इथे केवळ दयाबुद्धीतून आलेला नाही. चर्च कोणाचे, या प्रश्नाच्या उत्तरातून तो आला आहे. याच चळवळीने फेब्रुवारी १५२७ मध्ये मांडलेल्या श्लाइटहाइम श्रद्धाघोषणेत राज्याची तलवार ही ईश्वरी योजनाच मानली आहे, पण ख्रिस्ताच्या अनुयायाने ती धरायची नाही, न्यायाधिकारी व्हायचे नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच वर्षी बाल्थासार हुबमायर या पुनर्बाप्तिस्मावाद्यानेच (नव्याने बाप्तिस्मा घेणाऱ्यांना हेच नाव पडले) ख्रिस्ती माणूस राज्यकारभार करू शकतो, अशी उलट बाजू मांडली. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहरात तर यांच्यातल्याच काहींनी शस्त्रांच्या बळावर देवाचे राज्य उभारू पाहिले आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. हे प्रकरण वगळून ही परंपरा समजणार नाही. पुढे मेनो सिमन्सने विखुरलेल्यांना अहिंसेच्या वाटेवर सावरले. मेनोनाइट हे नाव त्याच्यावरूनच आले.

डर्क विलेम्स या पुनर्बाप्तिस्मावाद्याची हकिकत मात्र सावकाश वाचावी. नेदरलँड्समधील आस्पेरन इथल्या कैदेतून तो पळाला. गोठलेले पाणी ओलांडताना पातळ बर्फाने त्याला पेलले, पण पाठलाग करणारा खाली गेला. विलेम्स मागे फिरला, त्याला बाहेर ओढले आणि पुन्हा पकडला गेला. वाचवलेल्या माणसाला त्याला सोडून द्यायचे होते, पण नगराध्यक्षाने शपथेची आठवण करून दिली. १६ मे १५६९ रोजी विलेम्सला जाळण्यात आले. त्या पाठलाग करणाऱ्याच्या जागी तुम्ही क्षणभर उभे राहून पाहा. माणूस म्हणून कृतज्ञ आणि राज्याचा नोकर म्हणून बांधलेला, अशा दोन निष्ठांमध्ये तो सापडला होता.

वाचकांनी सुरुवात धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांपासून करू नये. आधी मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन वाचावे आणि लगेच रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. पहिल्यात शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा आहे, दुसऱ्यात अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याची. सोळा शतकांहून अधिक काळ चाललेला वाद या दोन उताऱ्यांमधल्या ताणातच उभा आहे. त्यानंतर श्लाइटहाइमचे सहावे कलम आणि त्याला जोडून हुबमायर वाचा. तुम्ही ख्रिस्ती आहात की नाही, शांततावादी आहात की नाही, याने फारसे बिघडत नाही. दोघांचेही म्हणणे पूर्ण ऐकून घ्या आणि मगच तुमचा कौल द्या.