पुट्टीआधी पत्रा तपासा

भिवंडीजवळून जाणाऱ्या मुंबई-नाशिक महामार्गावर मालमोटारींच्या गर्दीत मोटारीला पोचा पडणे नवे नाही. तो बुजविणारी पॉलिस्टर पुट्टी पत्रा समतल करते, बळकट नव्हे. म्हणून पोचा आधी ठोकून सरळ करावा. रंग व गंज पूर्ण काढावा. पुट्टीत वजनाच्या सुमारे २ टक्के हार्डनर मिसळावे. ते कमी पडल्यास थर कच्चा राहतो, जास्त झाल्यास रंगावर डाग उमटतात. थर २-३ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. पुट्टी ओलावा शोषते. येथील दमट पावसाळ्यात ती कोरडीच घासून लगेच प्रायमर मारावा, अन्यथा आतून गंज चढतो. आरपार गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंगच हवे. जुनी मोटार घेताना लोखंडी पत्र्यावर चुंबक फिरवावा. तो जेथे धरत नाही, तेथे जाड पुट्टीचा संशय घ्यावा.