सिस्लेचा पूर आणि त्याची किंमत

१८७६ च्या मार्चमध्यें सीन नदीला पूर येऊन पोर-मार्ली गांवांत पाणी शिरलें, आणि आल्फ्रेड सिस्लेनें त्याचीं अनेक चित्रें काढलीं. एकांत मद्यविक्रेत्याचें घर पाण्यांत उभें आहे, दाराशीं होड्या आहेत. आक्रोश नाहीं, धांवपळ नाहीं. चित्राचा मोठा भाग आकाशानेंच व्यापला आहे. तें त्यानें १८० फ्रँकांस विकल्याचें सांगतात.

सिस्ले जन्मानें पॅरिसचा (१८३९), पण आईबाप इंग्रज. बाप रेशमाचा व्यापारी. त्यामुळें तिशीपर्यंत पोटासाठीं कुंचला चालवण्याची वेळ आली नाहीं. १८७० च्या युद्धानें पेढी बुडाली आणि हौस हाच चरितार्थ झाला. मोने आणि रेन्वार यांचे भाव त्यांच्या हयातींतच चढले, सिस्लेचे नाहींत. त्याला मोनेची सावली समजणारे टीकाकार मला उतावीळ वाटतात. ढगांखालचा पाण्याचा संथपणा त्याच्यासारखा मोनेलाही क्वचितच साधला असेल.

२९ जानेवारी १८९९ रोजीं मोरे गांवीं तो घशाच्या कर्करोगानें वारला. फ्रेंच नागरिकत्वाची त्याची खटपटही फळास आली नव्हती. मुलांच्या मदतीसाठीं मोनेनें मे महिन्यांत चित्रांचा लिलाव घडवून आणला.

पुढें दहाच महिन्यांनीं, मार्च १९०० मध्यें, ताव्हर्निए या संग्राहकाच्या लिलावांत पुराचें तें चित्र ४३,००० फ्रँकांस गेलें. घेणारे काउंट कामोंदो. त्यांच्या संग्रहाबरोबर तें राष्ट्राकडे आलें, व आज ऑर्से संग्रहालयांत आहे. पैसे अर्थात् विकणाराचे. फेरविक्रीचा अंश कलावंताला वा त्याच्या वारसांना देणारा कायदा फ्रान्सनें १९२० सालीं केला.