गाडी स्लोला का राहत नाही?

आजचा विषय जरा तेलकट आहे. जुन्या गाड्यांचे दोन आजार सगळ्यांना ठाऊक असतात. एक क्लचचा आणि दुसरा 'स्लो'चा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन हळू पण एकसारखं चालत राहिलं पाहिजे. ते थरथरायला लागलं किंवा फाटकापाशी बंद पडलं, की मिस्त्री म्हणतात, "गाडी स्लोला राहत नाही." हे आजार ओळखण्याची एक विद्या आपल्याकडे होती. ती कशी तयार झाली आणि कशी चालली, त्याबद्दल थोडं लिहितो.

सुरुवात सोलापूरपासूनच करायला हवी. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. जहाजं, विमानं आणि मोटारी आपल्या देशात व्हाव्यात असा ध्यास घेतलेला हा माणूस. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या जुळवायला सुरुवात झाली. आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, पुढे इटलीच्या फियाटशी झाला. वालचंद १९५३ साली गेले. त्याच वर्षी सरकारने ठरवलं, की नुसते परदेशी भाग आणून गाड्या जुळवणाऱ्यांनी इथे राहू नये, भाग इथेच बनवावेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मग कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर मुख्यतः फियाट, ॲम्बेसेडर आणि थोड्याफार स्टँडर्ड गाड्याच दिसत. फियाट ११०० मधलं १०८९ सीसीचं इंजिन पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाखालीही चालू राहिलं, अगदी विसावं शतक संपेपर्यंत!

याचा परिणाम बघा. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. त्यामुळे जुनी गाडी टाकून द्यायची सोयच नव्हती, ती दुरुस्तच करायची. आणि इंजिन तेच ते असल्यामुळे मिस्त्रीच्या हाताखाली एकच दुखणं शेकडो वेळा येई. कुर्ल्यात गाडी तयार झाली खरी, पण ती जिवंत राहिली ती गावोगावच्या पत्र्याच्या गॅरेजांत. आमचं मंद्रूप सोलापूर-विजापूर रस्त्यावरचं. (विजापूरला आता विजयपूर म्हणतात, पण जिभेला जुनंच नाव येतं.) या रस्त्याची वर्दळ पाहत आमचं आयुष्य गेलं. अशा रस्त्यालगतच्या गॅरेजमध्ये मराठी, कानडी आणि दखनी हिंदी एकत्र चालायची, आणि आमच्या शाळांतून सातवी-आठवीला गळालेली मुलं तिथे हेल्पर म्हणून लागायची.

आता त्या मुलांची परीक्षा ऐका. क्लच घसरतोय का, हे पाहायचंय. चाकांना दगड लावायचे, हँडब्रेक ओढायचा, वरचा गिअर टाकायचा आणि थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडतं. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय. (ही परीक्षा घटकाभराची. पुन्हापुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.) चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, आणि जळका वास येतो, हीसुद्धा त्याचीच खूण. मग प्लेट झिजली, की तिच्यावर तेल आलं, की पेडलची मोकळी चालच उरली नाही, हे एकेक करून तपासायचं.

उलट, उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना करकर आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर क्लच बेअरिंगवर संशय. आणि पेडल सोडल्यावर आवाज येतो, दाबल्यावर थांबतो, असं असेल तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा. पेडल एकच, पण ते दाबण्या-सोडण्यावरून दोन वेगळी दुखणी ओळखायची!

स्लोचं प्रकरण जास्त नाजूक. अडाणी माणूस लगेच कार्बोरेटरचे स्क्रू फिरवतो. जाणता मिस्त्री त्यांना सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी प्लग. चालू इंजिनमध्ये एकेका प्लगची करंट तोडून पाहायची. इंजिन आणखी दबलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. मग प्लग काढून रंग पाहायचा. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर हवा जास्त. मग पॉइंट साफ करून त्यांची फट बघायची. एवढं झाल्यावर कार्बोरेटर. तापलेली गाडी चोक थोडा ओढल्यावरच सुधारत असेल, तर कुठूनतरी फालतू हवा शिरतेय किंवा स्लोच्या जेटमध्ये कचरा अडकलाय.

उन्हाळ्यात आमच्याकडे आणखी एक पाहुणा असे. चाळीसच्या वर पारा गेला, की पेट्रोलची पाइपातच वाफ होई आणि गाडी बंद पडे. त्यावर औषध म्हणजे पेट्रोल पंपावर ओलं फडकं. दहा मिनिटांत गाडी चालू झाली, की निदानही बरोबर ठरलं!

आणि दोन्ही आजारांची गाठ कधीकधी एकाच ठिकाणी पडते. नुसता क्लच दाबल्यावर जर इंजिनचा स्लो बराच खाली जात असेल, तर कार्बोरेटरला दोष देऊ नये. क्लच दाबला की क्रँकशाफ्टवर पुढच्या बाजूला दाब येतो. तिथले वॉशर झिजले असतील तर शाफ्ट सरकतो आणि इंजिनवर ओझं पडतं. हे न ओळखता स्लो वाढवून ठेवणारा माणूस गिऱ्हाइकाला पुढे पूर्ण इंजिन खोलायला लावतो.

मी शास्त्र शिकवलं नाही, पण शास्त्राच्या पुस्तकातला 'निरीक्षण, अनुमान, पडताळा' हा धडा मला पाठ आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हेच त्याचं सार. आम्ही ज्या मुलांना 'हा काही शिकायचा नाही' म्हणून सोडून दिलं, ती हा धडा रोज हातांनी गिरवत होती. त्याला गुण नव्हते, प्रमाणपत्र नव्हतं.

आणि म्हणूनच ते ज्ञान बेवारस राहिलं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, तसा नव्या गाड्यांतून कार्बोरेटर हद्दपार झाला आणि पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवू लागला. स्कॅनर लावला की दोषाचा आकडा दिसतो. ही सुधारणाच आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. हवा स्वच्छ राहायलाच हवी. पण पन्नाशीला आलेल्या मिस्त्रीच्या कानाची किंमत त्या दिवसांत एकदम उतरली. त्याने शिकलेलं कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते दाखवून दुसरं काही मागायचीही सोय नव्हती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची टॅक्सीही गेली. त्या दिवशी तिचे फोटो सगळीकडे छापून आले. तिला इतकी वर्षं स्लोला ठेवणाऱ्यांचे फोटो मला फारसे दिसले नाहीत.

क्लच मात्र अजून आहे, आणि वर सांगितलेली परीक्षा आजच्या गिअरच्या गाडीलाही लागू पडते. तेव्हा नातेवाइकांना आणि लिहित्या मित्रांना एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणी जुना मिस्त्री असेल तर एक संध्याकाळ वही घेऊन त्याच्याजवळ बसा. तो जे शब्द वापरेल तेच लिहा, शुद्ध करत बसू नका. 'गाडी स्लोला राहत नाही' याहून चांगलं मराठी मला तरी सुचलेलं नाही.