चंद्रापूपाचा पाक आणि शर्करेचा प्रवास

चिनी पंचांगातील आठव्या महिन्याच्या पौर्णिमेस चीन देशात शरदोत्सव साजरा होतो. आपल्या गणनेने ही तिथी बहुधा भाद्रपदी पौर्णिमेस येते, क्वचित, इ. स. २०२५ मध्ये आली तशी, ती कोजागरीशी एकरूप होते. त्या रात्री चंद्रदर्शन करून कुटुंबीय जे वाटोळे, साच्यातून काढलेले नक्षीदार पक्वान्न वाटून खातात, त्यास 'युएपिंग' म्हणजे 'चंद्रापूप' म्हणावे. इंग्रजीमुळे 'मूनकेक' हे नाव अधिक परिचित आहे.

या अपूपाचे अनेक प्रांतिक प्रकार आहेत. त्यांपैकी कँटनकडील प्रकाराचे सारे तेज त्याच्या पाकात आहे. दोन भाग साखर, एक भाग पाणी व थोडा लिंबाचा रस एकत्र करून मंदाग्नीवर सुमारे तासभर आटवितात. उकळी आल्यावर पाक ढवळीत नाहीत. कडेला जमणारे कण ओल्या कुंचल्याने धुऊन घेतात. लिंबाच्या आम्लामुळे साखरेचे काही अंशी द्राक्षशर्करा व फलशर्करा यांत विघटन होते आणि पाक पुन्हा दाणेदार होत नाही. जिलेबीच्या पाकात लिंबू पिळणाऱ्या आपल्या गृहिणींस हे मर्म निराळे सांगावयास नको. मधाच्या रंगाचा हा पाक काही आठवडे मुरवून पिठात शेंगदाण्याचे तेल व किंचित क्षारोदक यांसह मळतात. भाजल्यावर कोरडे भासणारे आवरण दोन-तीन दिवसांत मऊ व तुकतुकीत होते. वरून सामान्यतः अंड्याच्या बलकाचा पातळ हात देतात. ज्यांस अंडे वर्ज्य, त्यांनी हाच पाक पाण्याने सैल करून लावावा.

पाकाची ही विद्या ज्या साखरेवर उभी आहे, तिचा इतिहास भारताशी निगडित आहे. इ. स. ६४७ मध्ये मगधाचा दूत थांग सम्राट ताइत्सुंग याच्या दरबारी आला. तदनंतर सम्राटाने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी आपली माणसे मगधास धाडली आणि यांगचौ येथील ऊस मागवून तसा प्रयोग करविला, असे थांग वंशाच्या नव्या इतिहासात नमूद आहे. तुन्हुआंग येथे सापडलेल्या आणि आता पॅरिसमध्ये असलेल्या एका जीर्ण हस्तलिखितात भारतीय ऊस व साखर यांचे वर्णन आहे. त्यातील 'शा-ग-लिंग' हा दुर्बोध शब्द म्हणजे आपली 'शर्करा' होय, हे वाल्मीकिरामायणाचे चिनी भाषांतरकार पंडित ची श्येनलिन यांनी १९८२ साली दाखवून दिले.

परंतु एवढ्यावरून 'सर्व काही आमचेच' असा निष्कर्ष काढणे न्यायाचे होणार नाही. मगधाची रीत वापरून केलेली साखर रंगात व चवीत पश्चिमेकडील साखरेहून सरस उतरली, असे तोच चिनी ग्रंथ सांगतो. पुढे शुभ्र साखरेस उत्तर हिंदुस्थानात 'चिनी' हे नाव पडले, ते चीनच्या ऋणाची साक्ष देते. शर्करा हाच शब्द फारसी व अरबी मुखांतून पोर्तुगीजांच्या 'आसूकार'पर्यंत पोहोचला आणि पोर्तुगीजांसमवेत गोव्यात परतला. विद्या देणाऱ्याचा मान मोठा खरा. पण घेतलेली विद्या वाढविणाऱ्याचा मानही त्याहून उणा नव्हे. कोजागरीच्या आटीव दुधात साखर घालताना एवढे स्मरण ठेवणे उचित होईल.