भांदकचे तिकीट, भद्रावतीचा इतिहास

पौषातल्या एका सकाळी आम्ही तीन शिक्षक नववीच्या मुलामुलींना घेऊन वर्ध्याहून निघालो. जायचे होते भद्रावतीला, पण तिकिटावर नाव होते भांदक. एका मुलीने काळजीने विचारले, "सर, आपण भलत्याच गावाला तर जात नाही ना?" सहलीतला पहिला धडा असा तिकीट खिडकीपाशीच सुरू झाला.

गाव एकच आहे, नावे दोन. तालुका, नगरपालिका, शाळा यांच्या पाट्यांवर आता भद्रावती आहे. रेल्वे स्थानकावर भांदक. वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७० च्या दशकात वर्ध्याहून लोहमार्ग आला. पुढे तो बल्हारशाहपर्यंत वाढला आणि १९२९ मध्ये काझीपेठशी जोडला गेल्यावर दिल्ली–मद्रास या मोठ्या मार्गाचा भाग झाला. स्थानक झाले तेव्हा प्रचारात असलेले नाव रेल्वेने पाटीवर लिहिले, आणि ते तसेच राहिले. चांद्याचे चंद्रपूर झाले, तरी तिथल्या एका स्थानकाचे नाव अजून चांदा फोर्टच आहे. म्हणजे स्थानकाची पाटी हादेखील इतिहासाचा एक छोटासा दस्तऐवजच!

मग भद्रावती हे नाव कुठले? जैमिनीच्या अश्वमेध कथेत यौवनाश्व राजाची भद्रावती नगरी येते. त्याचा श्यामकर्ण घोडा भीम जिंकून आणतो. ती नगरी म्हणजेच हे गाव, अशी परंपरागत श्रद्धा आहे. लोकांच्या बोलण्यात यौवनाश्वाचा ‘जोबनास’ झाला. लोक गावाकडे कसे पाहत आले हे अशा कथेवरून समजते. गाव केव्हा वसले हे मात्र तिच्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी दुसरे पुरावे लागतात. ते शोधायलाच आम्ही आलो होतो.

टेकडीच्या पोटात

गाव ओलांडून आम्ही विजासन टेकडीकडे चालत गेलो. अजिंठा पाहिलेली दोन-तीन मुले खांबांची दालने, चैत्य, स्तूप शोधू लागली. यातले इथे काही नाही. डोंगरात सरळ शिरणारी एक लांब बोळासारखी वाट आहे आणि तिच्या टोकाशी आसनावर बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती. या वाटेला काटकोनात दोन बाजूंना आणखी दोन वाटा कोरल्या आहेत आणि त्यांच्याही टोकाशी मूर्ती आहेत. उन्हातून आत शिरताच काही दिसेना. डोळे अंधाराला सरावल्यावर आधी खांदे आणि मग चेहरा हळूहळू उमटू लागला. मुलांचा गलका आपोआप थांबला. नंतर सुतळी धरून मोजले तेव्हा मधली वाट सत्तर फुटांच्या आसपास भरली.

पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात या भागात आले. रेल्वे तेव्हा इथवर आलेली नव्हती. त्यांच्या अहवालामुळे या लेण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. त्यासोबत एक प्रश्नही पुढे आला. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सातव्या शतकात कलिंगातून वायव्येला सुमारे १८०० ली चालून कोसल देशात आला. तिथला राजा बौद्ध होता आणि तिथे शंभर विहार होते, असे त्याने लिहून ठेवले. हा कोसल म्हणजे अयोध्येकडचा नव्हे, दक्षिणेकडचा. त्याची राजधानी कोणती? कोणी चांदा म्हटले, कोणी वैरागड, कोणी भांदक.

आणि मग एक शिळा या वादात आली.

पत्ता हरवलेली शिळा

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, एक संस्कृत शिलालेख होता. त्यातली हकिकत मन हलवणारी आहे. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मेला. त्या दुःखात राजाने बुद्धाचे मंदिर बांधले. पुढे बराच काळ लोटल्यावर, पांडुवंशातल्या भवदेव रणकेसरी राजाच्या काळात, त्याचा जीर्णोद्धार झाला.

शिळा संग्रहालयात होती, पण ती तिथे आणली कुठून, याची नोंद पक्की राहिली नव्हती. जर्मन विद्वान कीलहॉर्न यांनी १९०५ मध्ये हा लेख प्रसिद्ध केला तो रतनपूरचा म्हणून. दुसऱ्या अभ्यासकांनी तो भांदकचा मानला. भांदकचा मानताच सगळे जुळल्यासारखे झाले. बुद्धाचे मंदिर म्हणजे विजासनची लेणी, दुःखी पिता म्हणजे त्यांचा कर्ता, आणि भांदक म्हणजे पांडुवंशाचे ठाणे! पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा प्रश्न पुन्हा तपासला आणि शिळा मूळची छत्तीसगडातल्या आरंगची असल्याचे मत मांडले. पांडुवंशाचे इतर लेखही बहुतेक त्याच प्रदेशात सापडतात. त्यामुळे भांदकभोवती रचलेला हा सारा डोलारा ढासळला. ह्युएनत्संगाच्या राजधानीसाठीही आज बहुतेक अभ्यासक छत्तीसगडातल्या सिरपूरकडे बोट दाखवतात. तिथे १९५० च्या दशकात मो. गं. दीक्षित यांच्या उत्खननात बौद्ध विहार उजेडात आले.

लेण्यासमोरच्या झाडाखाली शिदोऱ्या सोडून आम्ही ही हकिकत सांगितली तेव्हा मुले थोडी हिरमुसली. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तो राजा इथला नाहीच?" खरे सांगायचे तर आम्हालाही वाईट वाटले. सूर्यघोषाची गोष्ट त्या मूर्तीपुढे किती शोभली असती! पण गोष्ट शोभते म्हणून ती खरी ठरत नाही. आणि गावाचा मान वाढावा म्हणून शिक्षकाने ती सांगू नये.

हलणारे आणि न हलणारे

मग आम्ही वहीत दोन रकाने आखले. हलवता येणारे पुरावे एका बाजूला, न हलणारे दुसऱ्या बाजूला.

पहिल्या रकान्यात भांदकला सापडलेला ताम्रपट आला. तो राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा, शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२ चा. त्यावरून राष्ट्रकूटांची सत्ता तेव्हा विदर्भात पोचली होती हे कळते. पण तो दिला गेला नांदीपुरद्वारी इथल्या मुक्कामातून, आणि दान आहे उदुंबरमंती इथल्या सूर्यमंदिराला. ताम्रपट दान घेणाऱ्याच्या वारसांबरोबर गावोगाव फिरतो. तेव्हा तो भांदकला सापडला, एवढ्यावरून भांदक राजधानी ठरत नाही.

दुसऱ्या रकान्यात विजासनची लेणी आली, आणि डोलारा तलावातल्या बेटाकडे जाणारा जुना दगडी खांबांचा पूल आला. त्यांच्यावर कर्त्याचे नाव नसेल, पण पत्ता पक्का आहे. इथे डोंगर कोरून घेण्याइतके धन, कौशल्य आणि श्रद्धा असलेली वस्ती होती, एवढे ही लेणी निःसंशय सांगतात. भद्रावतीचा मोठेपणा सिद्ध करायला उसना राजा आणण्याची गरज नाही.

भद्रनाग मंदिर आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर पाहून आम्ही स्थानकावर परतलो. एकाच गावात बौद्ध, जैन आणि नागपूजक परंपरा नांदतात, ही नोंदही वह्यांत झाली.

अशी सहल काढणाऱ्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. विदर्भात नांगराला लागलेली मूर्ती उचलून देवळात ठेवण्याची, वीरगळ पाराला टेकवण्याची रीत जुनी आहे. अशी एखादी वस्तू दिसली तर मुलांना ती हलवू देऊ नका. ती कुठे आहे, जवळची खूण कोणती, कोणाच्या आठवणीप्रमाणे ती कुठून आली आणि आपण कोणत्या तारखेला पाहिली, या चार ओळी लिहून घ्या. चित्र काढा, फोटो घ्या. शाळेत अशी एक नोंदवही ठेवा. नागपूरच्या त्या शिळेसोबत अशा चार ओळी नेमक्या राहिल्या असत्या, तर विद्वानांचा कितीतरी वेळ वाचला असता.

संध्याकाळी थंडी पुन्हा पडू लागली होती. परतीच्या गाडीची वाट पाहताना त्या सकाळच्या मुलीने स्थानकाची पाटी वहीत उतरवून घेतली. खाली तारीख घातली, आणि कंसात लिहिले : ‘गावाचे नाव भद्रावती.’