बायची खाणावळ

1928 साली मुंबईच्या कापडगिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगारांनी ते सहा महिने पगाराविना काढले. त्या संपाबद्दल वाचताना पुढाऱ्यांची नावं भेटतात, सभा आणि मोर्चे भेटतात, त्याच वर्षी उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन भेटते. आमच्या घरात मात्र त्या संपाची गोष्ट एकाच प्रश्नापासून सुरू व्हायची. एवढी माणसं जेवली कुठे?

हा प्रश्न माझ्या पणजीचा. ती तेव्हा एका गिरणीच्या वायंडिंग खात्यात होती. दिवसभर सूत गुंडाळायचं आणि डोक्यावर नायकिणीचा, म्हणजे बाई मुकादमाचा, पहारा. त्या काळी गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे. संप सुरू झाल्यावर ज्यांच्या घरी शेत होतं ते बोटीने गावी गेले. गावाकडेही चूल पेटायची मारामार होती ते इथेच राहिले आणि ज्या खाणावळीत जेवत होते तिथेच जेवत राहिले, उधारीवर. वाणी कामगाराला दारात उभा करत नव्हता, पण खाणावळवालीच्या नावावर तांदूळ देत होता. तिने गळ्यातलं गहाण ठेवलं होतं ना! पणजी हे सांगताना आवाज चढवायची, असं आत्या सांगते. संप गड्यांनी केला हे तिला मान्य होतं. पण तो सहा महिने तगला तो बायकांच्या डागांवर, दागिन्यांवर, हे ती कुणाला विसरू देत नसे.

पुढे तिचं काम गेलं. एकटीचंच नाही. 1929 साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता, पण भत्ता द्यावा लागतो म्हणून मालक बायका घेईनासे झाले. बायकांना रातपाळीला बंदी होती, आणि सूत गुंडाळणारी नवी यंत्रं आली तसतशी वायंडिंगमधली माणसंही कमी होत गेली. 1970च्या दशकापर्यंत गिरणीत बाई दिसणं दुर्मीळ झालं होतं. गिरणीतून निघालेल्या बायका गिरणगाव सोडून कुठे जाणार? कुणी भाजी विकली, कुणी विड्या वळल्या, कुणी चार गडी जेवायला घातले. खाणावळ हा काही बायकांचा उपजत धंदा नव्हता. त्यांना गेटाबाहेर काढल्यावर उरलेला तो एक रस्ता होता, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यापासून स्वस्थ बसू देत नाही.

माझी आजी या पणजीची सून. राजापूर तालुक्यातली. लग्न होऊन मुसाकाजीच्या बंदरावरून पडावात, पडावातून बोटीवर आणि बोटीतून मुंबईला आली, तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. सगळी चाळ तिला बाय म्हणायची. आम्ही नातवंडंही बायच म्हणायचो. आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. कापसाची धूळ छातीत बसली आणि चाळिशीच्या आतच त्यांना जिना चढवेना. गिरणीने काही दिलं नाही. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली एकशे साठ चौरस फुटांची खोली, आजारी नवरा, तीन मुलं आणि सासू. बायने आधी गाववाले दोन गडी जेवायला घेतले. वर्षभरात पंधरा झाले.

त्या खोलीचं घड्याळ गिरणीच्या पाळ्यांवर चालायचं. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सात. त्यामुळे खोलीत सतत कुणीतरी जेवत असायचं, कुणीतरी जेवून निघालेलं असायचं आणि कुणाचा तरी डबा भरत असायचा. बाय पहाटे साडेतीनला उठायची. नळाला पाणी यायच्या आत शेगडी लागलेली असे. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, सुकटीचं कालवण, दुपारी भात आणि आमटी. रविवारी मटण किंवा बांगडा. डबे गेटावर पोचवायचं काम माझ्या वडिलांचं आणि आत्याचं. सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत डबा गेटावर हवा, नाहीतर गडी उपाशीच परत साच्यावर उभा राहणार. आत्या सांगते की तिला शाळेची घंटा कधीच ऐकू आली नाही, भोंगा तेवढा ऐकू यायचा. चौथीनंतर तिची शाळा सुटली. बायला त्याचं दुःख जन्मभर राहिलं, आणि माझ्या शिक्षणात ती एवढी हट्टी का होती याचं कारण तेच असावं असं मला वाटतं.

बायला लिहिता येत नव्हतं. पंधरा जणांचा महिन्याचा हिशेब डोक्यात. कुणाचे किती खाडे, कुणाला पाहुणा आला होता, बदली कामगार असलेल्या कुणाला महिन्यात दहाच दिवस काम लागलं. बदलीवाल्याकडे ती पुरे पैसे मागत नसे. आणि जेवताना त्याच्या पानात भात कमी पडला, असंही कधी झालं नाही. वडील वही लिहायला लागले तेव्हा त्यांनी याचं कारण विचारलं. ती म्हणाली, “तो पोरगा आवशीला पैसे धाडतो. ती तिकडे बसली, मी हय बसलंय.” आपण त्या पोराच्या आईच्या जागी बसलो आहोत, असं ती खरोखरच समजायची.

आमचे मधले काका असेच घरात आले. जेवायला येणारा एक गडी टीबीने गेला. त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा गाववाल्यांच्या गाळ्यात एकटाच राहिला होता. बाय त्याला घेऊन आली आणि तिच्या तीन मुलांची चार झाली. गिरणगावात हे नवलाचं नव्हतं. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराला रस्त्यावर सापडलेलं तान्हं पोर त्याच्या बायकोने, काशीबाईने, पोटच्यासारखं वाढवलं आणि मराठीला नारायण सुर्वे मिळाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे काका कवी झाले नाहीत. बेस्टमध्ये कंडक्टर झाले आणि बायच्या शेवटच्या आजारपणात रात्री तिच्या उशाशी तेच बसले.

1973-74 च्या संपातही खाणावळी उधारीवर चालल्या. त्याच सुमारास प्रेमा पुरव खाणावळी चालवणाऱ्या बायकांकडे वळल्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, कामगार चळवळीत मुरलेल्या. संप चालतो तो कुणाच्या जिवावर, हे त्यांनी नीट पाहिलं होतं. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांचं कर्ज गरिबांसाठी आहे म्हणतात, तर ते खाणावळवालीला का मिळू नये, हा त्यांचा साधा प्रश्न होता. एकेकीकडे तारण काही नाही, म्हणून गट करून एकमेकींची हमी घ्यायची. बाय पहिल्यांदा बँकेत गेली ती आत्याचं लुगडं नेसून. कर्ज मिळालं, सावकाराकडे गहाण पडलेले तिचे डाग सुटले. बँकेतल्या माणसाने “तुमचा धंदा काय?” असं विचारलं, हे ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची. तोवर तिच्या कामाला कुणी धंदा म्हटलेलं नव्हतं.

मग 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हा मी लहान होते. पहिले चार-पाच महिने बायच्या खोलीत पंगती उठत राहिल्या. नंतर ताटातला भात पातळ पेजेवर आला. गडी लाजून जेवायला येईनात, तर ती आम्हा पोरांना त्यांच्या गाळ्यात बोलवायला पाठवायची. पावसाळ्याच्या तोंडावर एकेक जण ट्रंक घेऊन गावी निघाला. निघताना ते बायच्या पाया पडत. वहीत आकडा होता, पण त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. त्या संपाची अधिकृत अखेर कधी झालीच नाही. बायचे डाग पुन्हा गहाण पडले, ते यावेळी सुटले नाहीत. त्यानंतर तिने अन्नपूर्णासाठी पोळ्या लाटल्या. त्या पैशांतून माझी शाळेची फी भरली गेली, पुढे कॉलेजची.

गावी गेलेल्यांतले काही जण नंतर पैसे द्यायला आले. एकाने नाचणी आणली, एकाने काजू. काही आले नाहीत. न आलेल्यांबद्दल तिच्या तोंडून वाईट शब्द मी ऐकला नाही. “जमलं नसेल,” एवढंच म्हणायची. मला तेव्हा याचा राग यायचा. आज तिच्या वयाकडे सरकताना राग त्या गड्यांवर येत नाही, ज्यांनी त्यांच्यावर ही वेळ आणली त्यांच्यावर येतो.

गिरण्यांच्या जमिनींवर आता टॉवर आहेत. कामगारांना घरं देण्याच्या योजनेत 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार पात्र ठरतो. आजोबा त्याआधीच गेले, आणि बाय तर कुठल्याच पटावर नव्हती. बिल्ला नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. वर्षानुवर्षं तिने गिरणी चालवणारी माणसं चालती ठेवली, तरी सरकारी हिशेबात ती गिरणगावची कुणीच नव्हती. यात मला घोर अन्याय दिसतो आणि ते मी स्पष्ट लिहिते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्या भागाचा इतिहास गोळा केला, तसं काम खोलीखोलीत व्हायला हवं होतं. सांगणारे भराभर जात आहेत.

आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. कालचं तिला आठवत नाही, पण बायच्या खोलीत जेवलेले गडी आठवतात. त्यांची नावं, खाती, पाळ्या, गावं ती सांगते आणि मी लिहून घेते. राजापूरचे, लांज्याचे, पाटणचे, चंदगडचे. कुणाला तिखट चालत नसे, कुणाला भाकरी करपलेलीच आवडायची, कुणाच्या डब्यात बाय गुपचूप अंडं घालायची, हेही सांगते. मी तेही लिहून घेते.